नाजाची आये : ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ वाचताना



आटपाडीत साहित्यावर बोलायचं म्हणजे जरा दबूनच उभं राहावं लागतं. एका दुष्काळी तालुक्यानं किती लिहिणारी माणसं द्यावीत! ग. दि. माडगूळकरांचा जन्म शेटफळ्याचा. व्यंकटेश माडगूळकर माडगूळचे. शंकरराव खरात तर या आटपाडीचेच. तिघंही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गदिमा १९७३ साली यवतमाळला, व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला आणि लगेच पुढच्या वर्षी, १९८४ साली, शंकरराव जळगावला. ही तीन नावं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

आज आम्ही चौथं नाव घेणार आहोत. शांताबाई कांबळे.

आजच्या व्याख्यानासाठी विषय आला होता तो असा : कष्टातनं वर आलेल्या आई-मुलीची कादंबरी. आम्ही पुष्कळ पुस्तकं चाळली. शेवटी जे निवडलं ते कादंबरी नाही, आत्मकथन आहे. पण ते कादंबरीसारखं वाचलं जातं, त्यातली पोरगी नाजा या नावानं लोकांच्या लक्षात राहिलेली आहे, आणि तिचं गाव आपल्या उंबऱ्याशी आहे. दिघंचीवरून पंढरपूरची वाट धरली की महूद लागतं ना, ते नाजाचं गाव. पुस्तकाचं नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’.

आधी थोडी माहिती सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

शांताबाईंचा जन्म १ मार्च १९२३ चा, सांगोला तालुक्यातल्या महूदचा, महार कुटुंबातला. १९४२ साली त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्या जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. दहा वर्षांनी, १९५२ साली, त्या आणि त्यांचे पती, दोघंही शिक्षक, दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले. पुढं शांताबाई शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या, आपल्या शेजारच्या जत तालुक्यात. १९८१ साली नोकरी संपली आणि मग लिहायला बसल्या. १९८३ मध्ये ‘पूर्वा’ मासिकातून हे लेखन क्रमशः येऊ लागलं, १९८६ साली पुस्तक झालं आणि १९९० मध्ये दूरदर्शनवर त्याचीच ‘नाजुका’ नावाची मालिका झाली. मराठीत दलित स्त्रीनं लिहिलेलं पहिलं आत्मकथन म्हणून याचा उल्लेख होतो. दलित पँथरचे नेते आणि लेखक अरुण कांबळे हे त्यांचे चिरंजीव. त्यांचा जन्म आपल्या करगणीचा. २०२३ च्या जानेवारीत, शंभरी अगदी दारात आलेली असताना, शांताबाई गेल्या.

म्हणजे बघा, महूद, करगणी, जत. आपल्या एस.टी.च्या पाट्यांवरची गावं आहेत ही. पुस्तक मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचलेलं असतं.

नावातच सगळं आहे

सुरुवात नावापासून करू. ‘माझ्या जन्माची’ असं नाही, ‘माज्या जल्माची’ आहे. शांताबाईंनी जन्मभर मुलांना प्रमाण मराठी शिकवली. वहीत ‘जल्म’ लिहिलेलं पोराच्या हातून खोडून घेतलं असेल. अशी बाई निवृत्त होते आणि आपल्या पुस्तकावर ‘जल्म’ लिहिते. हे न कळून झालेलं नाही. ज्या बोलीत आईनं हाक मारली, त्याच बोलीत आईची गोष्ट सांगायची, हा तिथं केलेला निर्णय आहे.

दुसरा शब्द ‘चित्तरकथा’. कोकणात पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी आहेत. एकेक चित्र पुढं धरायचं आणि कथा सांगायची, असा तो खेळ. आपल्याकडं बोलण्यात चित्तरकथा म्हणजे नाना तऱ्हेच्या घटनांची, ऐकणाऱ्याला नवल वाटावं अशी कहाणी. दोन्ही अर्थ या पुस्तकाला लागू पडतात. लहान लहान प्रसंग एकामागून एक समोर येतात. एक दाखवलं, बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. मध्ये उपदेश नाही, खुलासा नाही.

मग ही कादंबरी का नाही? कादंबरीत कष्टावर मात करायची म्हटली की एक मोठा दिवस लागतो. निकाल लागतो, खटला जिंकला जातो, सावकार मरतो, कायतरी होतं आणि तिथनं पुढं दिवस पालटतात. नाजाच्या गोष्टीत असा दिवस नाही. ज्या तऱ्हेची गरिबी आणि ज्या तऱ्हेची शिवाशीव तिथं आहे, ती एका दिवसात हरत नाही. ती रोज थोडी मागं सरते, कधी परत पुढं येते. शाळेत गेलं म्हणून रांगोळी ओलांडता येत नाही. नोकरी लागली म्हणून गाव घरात घेत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, ज्यांना कष्टावर मात करण्याची खरी गोष्ट वाचायची आहे, त्यांनी ती इथं वाचावी. इथं मात म्हणजे रोजचा हिशेब आहे.

लेकाची आई आणि लेकीची आई

आता मुख्य मुद्द्याकडं येतो.

मराठीत आईवर कमी लिहिलेलं नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ ला पुस्तक आलं, १९५३ ला आचार्य अत्र्यांनी चित्रपट केला, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात आई म्हटलं की तीच उभी राहते. आपल्या तालुक्यात व्यंकटेश माडगूळकरांनी ‘करुणाष्टक’ लिहिलं, तेही आईभोवती आणि घरच्या ओढगस्तीभोवती. शंकरराव खरातांचं ‘तराळ अंतराळ’ १९८१ चं. तराळकी करणाऱ्या घरातला मुलगा कुलगुरूच्या खुर्चीपर्यंत कसा पोहोचला, त्याची ही कहाणी.

ही सगळी पुस्तकं मोठी आहेत, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही लेकांनी लिहिलेली आहेत. लेक आईकडं बघतो तेव्हा त्याच्या मनातला प्रश्न साधारणपणे असा असतो : आईनं मला काय शिकवलं? माझ्यासाठी काय सोसलं? त्यामुळं आई थोडी उंचावर जाते. तिच्या पायावर डोकं ठेवायचं असतं, तिच्या शेजारी बसून शेण थापायचं नसतं.

लेक म्हणजे मुलगी आईकडं बघते, तेव्हा ती चुलीपाशी तिच्या शेजारी बसलेली असते. घागरीची कड तिच्याही कमरेला लागलेली असते. तिला आईचे कष्ट ऐकून माहीत नसतात, त्यातला वाटा तिनं उचललेला असतो. म्हणून तिचा प्रश्न वेगळा येतो : माझ्या वाटचं काम आईनं कधी आणि किती केलं?

पुस्तक कुणाला अर्पण केलंय ते उघडून बघा. ते आये-अप्पांना अर्पण आहे. आणि कशासाठी? थोर संस्कार दिले म्हणून नाही. अर्पणपत्रिकेत ऊन आहे, दिवसभराची राबणूक आहे, भूक आहे, तहान आहे, आणि एवढं सोसून मला शिकवलं याची नोंद आहे. एखाद्या दुकानदारानं वहीत लिहावं तसं आहे ते. कुणाकडून काय घेतलं आणि ते कशाच्या मोबदल्यात मिळालं. आमच्या मते सगळं पुस्तक त्या पानावरनं वाचता येतं.

तासांचा हिशेब

हा हिशेब म्हणजे काय, ते जरा फोडून सांगतो. आकडे आम्ही समजुतीसाठी धरलेत, पण माणदेशातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती तुम्हाला यापेक्षा बारीक सांगेल.

समजा, घरात नऊ वर्षांची पोरगी आहे. ती दिवसभरात काय करते? पहाटे पाण्याच्या दोन खेपा. आई कामाला गेली की धाकट्याला काखेत घेणं. दुपारी काटक्या, शेण्या गोळा करणं. शेळी असली तर तिच्यामागं फिरणं. संध्याकाळी आई यायच्या आत चूल पेटवून ठेवणं. सगळं धरलं तर पाच-सहा तास होतात. हे काम कुठं लिहिलेलं नसतं, पण ते झालं नाही तर घर बंद पडतं.

आता ती पोरगी शाळेत गेली. अकरा ते पाच. हे पाच-सहा तास कुठं गेले? ते नाहीसे होत नाहीत. पाणी आणावंच लागतं. धाकटं रडतंच. मग ते तास कुणाच्या तरी अंगावर जातात, आणि ज्या घरात नोकर नाही, मोलकरीण नाही, तिथं ते आईच्याच अंगावर जातात. ती आणखी लवकर उठते, आणखी उशिरा पाठ टेकते, किंवा धाकट्याला बांधावर झाडाच्या सावलीत टाकून खुरपायला बसते.

फी माफ होते, पाटी फुटकी चालते, पुस्तक मागून आणता येतं. पण पोरीच्या शाळेची खरी फी ही असते, आईच्या झोपेतनं आणि आईच्या पाठीतनं दिलेली. ही फी कधी कुणी माफ केली नाही.

नाजाचा काळ आठवा. १९३१ च्या जनगणनेत आपल्या देशात शंभर बायकांमागं जेमतेम तिघी अक्षरओळख असलेल्या होत्या, त्यातही वरच्या जातींतल्या जास्त. महारवाड्यातल्या मुलीनं शिकायचं म्हणजे त्या तिघींत बसायचं. गावकीची कामं घरावर, बलुत्याची भाकरी दारोदार मागून आणायची, तीही दुष्काळी मुलखात, जिथं देणाऱ्याच्याच घरात दाणा नाही. अशा घरानं मुलीचे तास सोडून द्यायचे, ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आज आपल्याला लवकर कळत नाही. मुलगा शिकला तर म्हातारपणी उपयोगाला येईल, हा हिशेब तरी असतो. मुलीचे तास परत घरात येणार नाहीत, ती सासरी जाणार, हे माहीत असून आये-अप्पा ते सोडतात.

दार उघडं, पाय बाहेरच

१९२३ हे वर्ष गंमतीचं आहे. नाजा जन्मली त्याच वर्षी मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळांचा कारभार जिल्हा बोर्डांकडं आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. याच ठरावाच्या आधारावर पुढं १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

म्हणजे नाजा शाळेत जायच्या वयाची झाली तोवर कागदावर दार उघडं होतं. पण कागद आणि उंबरा यांच्यात फार अंतर असतं. पुस्तकातला एक प्रसंग पुष्कळ अभ्यासकांनी उचलला आहे. नाजा वर्गातल्या एका ब्राह्मण मैत्रिणीला शाळेला बोलवायला तिच्या घरी जाते. दारात रांगोळी आहे. मैत्रिणीची आई तिला तिथंच थांबवते. महाराची पोर रांगोळीला शिवेल.

या प्रसंगात दोन आया आहेत, हे लक्षात घ्या. एक समोर दिसते, रांगोळी जपणारी. दुसरी तिथं नाहीच, ती कुठल्यातरी रानात राबतेय, कारण तिची पोरगी आत्ता शाळेच्या वाटेवर आहे. नाजाच्या जाण्यासाठी तिनं आपले तास दिलेत, आणि ते तास या दारात येऊन अडलेत. अपमान पोरीचा झाला, पण बुडाली ती आईची मजुरी. असं वाचलं की हा प्रसंग नुसता वाईट वाटण्याचा राहत नाही. त्यात नुकसान दिसतं, आणि ते कुणी केलं तेही दिसतं.

पुढं हीच पोरगी शिक्षण विस्तार अधिकारी झाली. म्हणजे शाळा तपासायला जाणारी बाई. पटावर किती, हजर किती, कोण गैरहजर, का गैरहजर, हे विचारायचा तिला अधिकार होता. दारात थांबवलेल्या मुलीला शाळेचं हजेरीपत्रक तपासायचा अधिकार मिळाला. एखाद्या कादंबरीकारानं हा शेवट केला असता तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवलंय. इथं ते खरंच घडलं.

माहेरचं दार

नाजाचं लग्न कांबळे मास्तरांशी झालं. शिकलेला, नोकरीवाला नवरा. आता दिवस पालटले असं वाचणाऱ्याला वाटतं. पण संसारात एक वेळ अशी येते की मास्तर दुसरी बायको करून आणतात. त्या काळी ते कायद्यानंही चालत होतं. द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा मुंबई प्रांतात १९४६ साली झाला.

नाजा तिथं सवत सोसत राहत नाही. ती निघते आणि माहेरी येते. आणि इथं आई-वडलांची खरी परीक्षा लागते. आपल्याकडं म्हणायची पद्धत काय? दिल्या घरी सुखी राहा. परत आलेली लेक म्हणजे गावाच्या तोंडाला विषय, धाकट्यांच्या लग्नाला अडथळा, आणि खाणारं एक तोंड वाढलं. आये-अप्पा गरीब आहेत, पण दार उघडतात.

मुलीला शाळेत घालणारे आई-बाप पुष्कळ भेटतील. परत आलेल्या मुलीला घरात घेणारे कमी भेटतात. आणि शिक्षणाचा उपयोग तिथंच होतो. जिला अक्षर येतं आणि जिला माहेरचं दार उघडं आहे, ती नोकरी करू शकते. दोन्हीतलं एक असून भागत नाही. नाजाला दोन्ही मिळालं म्हणून ती शांताबाई झाली. पुढं पती-पत्नी पुन्हा एकत्र आले, दोघांनी शिक्षकी केली, पोरं शिकवली. शांताबाईंनी हे सगळं न लपवता आणि न रडता लिहिलंय.

शेजारच्या दोन आया

हे पुस्तक एकटं नाही. त्याच सुमाराला, आपल्यापासून फार लांब नाही अशा फलटणला, बेबीताई कांबळे लिहीत होत्या. त्यांचं बालपण पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचं. फलटणमध्ये त्या लहानसं दुकान चालवायच्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं की लिहायचं आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेआड ठेवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. फलटणला राहिलेल्या अमेरिकन विदुषी मॅक्सीन बर्नसन यांनी ते बाहेर काढायला लावलं. ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं. म्हणजे शांताबाईंच्या पुस्तकाच्याच वर्षी.

बेबीताईंनी आईबद्दल अवघड गोष्टीही लिहिल्यात. वडील कर्तबगार, दानशूर, पण बायकोला घराबाहेर पडू देत नसत. पिंजऱ्यातल्या पाखरासारखं ठेवलं. त्या कोंडमाऱ्यानं आई कडवट झाली. सासवांनी कोवळ्या सुनांना किती छळलं, तेही त्यांनी झाकलं नाही. लेकीच्या हिशेबाच्या वहीत अशी जमा आणि नावे दोन्ही बाजू असतात. लेकाच्या पुस्तकात आईचा राग फारसा येत नाही. लेकीच्या पुस्तकात येतो, कारण तो राग तिच्याच पाठीवर उतरलेला असतो.

तिसरं पुस्तक उर्मिला पवार यांचं ‘आयदान’, २००३ चं, कोकणातलं. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या, टोपल्या वगैरे. उर्मिलाताई तिसरीत असताना वडील गेले. आईनं आयदानं विणून, विकून घर चालवलं आणि मुलांची शाळा सोडू दिली नाही. पुढं मुलगी म्हणते की आईचं विणणं आणि माझं लिहिणं हे एकाच जातीचं काम आहे. इथं तर आईच्या तासाला किंमत दिसते, अमुक टोपलीचे अमुक आणे. नाजाच्या आयेच्या तासाला ती किंमतही नव्हती.

आज आटपाडीत

कुणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं. आता काय त्याचं?

आपल्या तालुक्याकडं बघू. खानापूर-आटपाडीची किती घरं गलाईच्या धंद्यात आहेत, हे सांगायला नको. सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी आपली माणसं देशभर पांगलीत. काही बायका-पोरांना घेऊन गेली, काहींची इथंच राहिली. ज्या घरात कर्ता परगावी आहे, तिथं शेत, जनावर, म्हातारी माणसं, भाऊबंदकीतली वाटणी, सगळं एका बाईच्या अंगावर असतं, आणि तिच्या हाताखाली असते तिची मुलगी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची तऱ्हा वेगळी. तिथं सहा महिने शाळा एकीकडं आणि कोपी दुसरीकडं.

पाण्याचं म्हणाल तर १९९३ पासून या आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्या माणसांच्या मागं तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं उभी राहिली. टेंभूचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा फुलल्या. आपण ते पाणी एकरात आणि टनात मोजतो. आमचं म्हणणं, ते तासांतही मोजावं. ज्या वाडीत नळ दारात आला, तिथल्या पोरीचा पहाटेचा तास मोकळा झाला. ज्या वाडीत उन्हाळ्यात टँकर येतो आणि कधी येईल ते ठरलेलं नसतं, तिथली पोरगी परीक्षेच्या दिवसांत घागर घेऊन उभी असते. पाणी योजना म्हणजे शिक्षणाची योजनाही आहे, हे नाजाच्या पुस्तकानं आम्हाला शिकवलं.

सरकारलाही हा हिशेब अगदीच कळलेला नाही असं नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल उपस्थिती भत्ता ठेवला होता. रोजचा किती? एक रुपया. कल्पना चांगली होती. मुलीच्या दिवसाला किंमत आहे, ती घराला भरून द्यावी, हे त्यात मान्य केलं होतं. पण वर्षानुवर्षं तो रुपयाच राहिला. दुसरी एक योजना आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची, एस.टी.च्या मोफत पासाची. वाडी-वस्तीवरनं हायस्कूलला येणाऱ्या पोरींना तिचा किती आधार आहे, ते सकाळी आटपाडीच्या स्टँडवर उभं राहून बघावं. तिथं मुलीचे चालण्याचे तास वाचतात, आणि घरच्यांचा जीवही टांगणीला लागत नाही. कुठली योजना चालते आणि कुठली नुसती कागदावर राहते, हे ओळखायची साधी खूण आमच्या मते हीच : तिनं आई-मुलीचा एखादा तास वाचतो का?

आणि लग्नाचं. पोरगी दहावी-बारावीला आली की घरात कुजबुज सुरू होते. स्थळ चांगलं आहे, शिक्षण काय नंतरही होतं. नंतर होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तिथं आई गप्प बसते की बोलते, यावर पुष्कळ अवलंबून असतं. नाजाच्या आयेला सही करता येत होती की नाही, याला आमच्या लेखी फार महत्त्व नाही. तिला आपल्या मुलीचे तास सोडून देता आले, आणि मुलगी परत आली तेव्हा दार उघडता आलं. ही दोन कामं अडाणी बाईही करते, आणि शिकलेल्या घरातही कधी कधी होत नाहीत.

श्रोत्यांचे प्रश्न

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले. त्यातले तीन इथं देतो.

एका गृहस्थांनी विचारलं : तुम्ही सारखं आईचंच बोलता. अप्पांचं काय? बापानं काही केलं नाही का?

केलं. म्हणून तर अर्पणपत्रिकेत दोघं आहेत. ज्या काळी मुलीला शिकवणारा बाप गावात वेडा ठरायचा, त्या काळी अप्पांनी तिला शाळेत जाऊ दिलं. आम्ही आईवर भर दिला तो एवढ्यासाठीच, की बापाचा निर्णय गावाला दिसतो, चावडीवर त्याची चर्चा होते. आईनं त्या निर्णयाचे पैसे कसे फेडले, ते घराच्या आत राहतं. ते बाहेर आणायला लेकीलाच लिहावं लागतं.

दुसरा प्रश्न : नवऱ्यानं दुसरी बायको केली, हे पुस्तकात लिहायची काय गरज होती? घरातलं घरात राहू द्यावं.

शांताबाईंनी सूड म्हणून लिहिलेलं नाही. पुढं त्यांनी त्याच माणसाबरोबर संसार केला, हेही त्यांनीच लिहिलंय. पण ते पान गाळलं असतं, तर आये-अप्पांनी दार उघडलं हेही गाळावं लागलं असतं. मग वाचणाऱ्या परत आलेल्या एखाद्या मुलीला कसं कळणार, की असं दार उघडणारी माणसं त्या काळातही होती? घरातलं घरात ठेवलं की चांगुलपणाही घरातच राहतो.

तिसरा प्रश्न अकरावीतल्या एका मुलीचा होता : आम्हाला निबंधाला ‘माझी आई’ विषय येतो. आम्ही तेच ते लिहितो, प्रेमळ, कष्टाळू. वेगळं काय लिहायचं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. आमचं सांगणं असं : विशेषणं बाजूला ठेवा. कालचा एक दिवस घ्या. आई किती वाजता उठली, किती खेपा घातल्या, कधी जेवली, जेवली का, कधी टेकली, ते तिला विचारून लिहा. मग त्यातलं कुठलं काम तुमच्या वाटचं होतं आणि तुम्ही कॉलेजला आलात म्हणून तिनं केलं, त्याच्यापुढं खूण करा. निबंध आपोआप होईल. गुण किती पडतील ते सांगता येणार नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी घरी गेल्यावर घागर कुणी उचलायची, हे तुम्हाला कळलेलं असेल.

पुस्तक मिळवून वाचा. आपल्या गावच्या वाचनालयात नसेल तर मागणी नोंदवा. गदिमा, व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव यांच्या शेजारी ते ठेवलेलं असावं, एवढीच इच्छा.